शितावरून माणूस

दर वर्षी जुलैच्या शेवटी, ऑस्ट्रेलियातल्या थंडीने बोटं आखडलेली असताना, मी युनिव्हर्सिटीतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक गोष्ट शिकवते जिच्यावर माझा स्वतःचा पुरता विश्वास नाही. अठराव्या शतकात युरोपातल्या काही विचारवंतांनी ठरवलं, की ज्ञानाचा पाया देवात शोधायचा नाही, पोथीत शोधायचा नाही, तो माणसातच शोधायचा. माणूस कसा बघतो, कशाला भितो, कशावर विश्वास ठेवतो, हे आधी समजून घ्या. गणित असो की नीती, जाणणारा शेवटी माणूसच. त्याचा स्वभाव कळला, आणि तो स्वभाव तर जगभर सारखाच, की मग बाकीचं कळायची सोय झाली.

ऐकायला छान वाटतं. मुलं मान डोलावतात, अर्धी फोनमध्ये असतात. मग मी माझा आवडता प्रश्न टाकते: ह्या 'माणसा'त त्यांनी कोणाकोणाला धरलं होतं? कारण मानवी स्वभाव एकच असं सांगणाऱ्या ह्याच मंडळींतल्या एका थोर गृहस्थाने एका तळटीपेत काळ्या लोकांना खालच्या पायरीवर बसवून टाकलं आहे. वर मुख्य मजकुरात अखिल मानवजात, आणि खाली बारीक अक्षरांत आमच्यासारखे. मी भुसावळच्या बौद्ध घरातली. बारीक अक्षरं आधी वाचायची मला लहानपणापासून सवय आहे.

पण त्या मंडळींची एक गोष्ट मला मनापासून पटते, आणि ती सवयीबद्दलचीच आहे. एका गोष्टीमागून दुसरी येताना आपण पुन्हा पुन्हा पाहिली, की पहिली दिसताच मन दुसरीची वाट बघायला लागतं. उद्या सूर्य उगवेल ह्याला तर्काचा आधार नाही, सवयीचा आहे. आपण त्याला शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. आमच्या घराजवळच्या तळ्यावर काळे हंस आहेत. सगळे हंस पांढरेच असतात असं युरोपात शतकानुशतकं धरून चालले होते, मग कुणीतरी ऑस्ट्रेलियाला आलं. हा विनोद इथला प्रत्येक तत्त्वज्ञानाचा शिक्षक करतो, म्हणून मी करत नाही.

माझं पहिलं शीत सिडनीतलं, हॅरिस पार्कचं. स्टुडंट असताना तीन मराठी मुलींबरोबर फ्लॅट घेतला होता. पहिले दिवस मजेत गेले; एकत्र स्वयंपाक, एकत्र रडणं, एकमेकींचे स्वेटर. एकीने सहज विचारलं, तुझं आडनाव नक्की कुठलं गं? आमचं आडनाव गावावरून पडलेलं, 'कर' लागणारं, त्यातून ताकास तूर लागत नाही. पण मी तेव्हा भोळी होते. बॅगेतून निळ्या कोटातला फोटो काढून उशाशी लावला.  पुढच्या आठवड्यात तवे दोन झाले. माझा आणि त्यांचा. माझा नवा होता, नॉनस्टिक होता, आणि तो त्यांनी मला भेट म्हणून दिला होता.

त्यानंतरची शितं मोजत बसत नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात 'तुमच्यात लग्नात काय करतात?' असं विचारणारी बाई, 'तसं वाटत नाही हं तुमच्याकडे बघून' असं कौतुक करणारा डॉक्टर. क्रम ठरलेला: आधी गाव, मग आडनाव, मग घरी गणपती बसतो का, मग एक छोटासा थांबा, आणि त्यानंतर आवाजात आलेली एक विशेष माया. त्या मायेची मला शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटते.

मागच्या वर्षी ट्युटोरियलमध्ये मी हे सवयीचं प्रकरण शिकवत होते, अर्थात तव्याचा उल्लेख न करता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "येह, बट इफ यू आर ऑलवेज वेटिंग फॉर इट, वोन्ट यू जस्ट सी इट एव्हरीव्हेअर?" ज्याची वाट बघत बसलो तेच सगळीकडे दिसणार नाही का? मी "गुड पॉइंट" म्हणाले आणि तिच्यावर दिवसभर चिडून राहिले.

त्याच महिन्यात बाबा आले.

आई गेल्यापासून बाबा भुसावळला एकटे होते. रेल्वेत गार्ड होते. उभं आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात काढलं, त्यामुळे एकटेपणाचं काही वाटत नाही असं सांगायचे. माझा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी कायमचं आमच्याकडे पॉइंट कुकला यावं, एवढंच मला हवं होतं. नवऱ्याने व्हिसाची चौकशीही करून ठेवली होती. ह्या फेरीत त्यांचा इथे जीव रमला, तर पुढचं सगळं जमणार होतं. नाही रमला, तर भुसावळच्या त्या घरात एखाद्या सकाळी शेजाऱ्यांना दार फोडावं लागेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना बसवून सांगितलं, "बाबा, बाहेर कुणी मराठी भेटलं तर नमस्कार म्हणायचं. नुसतं नमस्कार."

बाबा जन्मभर रिक्षावाल्यापासून स्टेशन मास्तरपर्यंत सगळ्यांना खणखणीत 'जय भीम' घालत आलेले. 

"आणि समोरचा आपलाच निघाला तर?"

"ते मी ओळखीन ना. माझ्यावर सोडा."

"बरं," बाबा म्हणाले. "तुझा देश, तुझे सिग्नल."

पहिले काही आठवडे वाईट गेले. आमच्या इस्टेटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, रस्ते रुंद, घरं नवी, आणि माणूस औषधाला नाही. सगळे गाडीतून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून घरात. खाडीवरून येणारा वारा बाबांची कानटोपी उडवायचा. माझी मुलगी आठ वर्षांची. ते मराठीत गोष्ट सांगायचे आणि ती "दॅट्स सो रँडम, आजोबा" म्हणायची. बाबा हळूहळू कमी बोलायला लागले. रोज संध्याकाळी वंदना म्हणायचे, तीही पुटपुटत, कारण भिंती पातळ आहेत असं मीच सांगितलं होतं.

आणि मग तळ्याच्या वाटेवर त्यांना एक काका भेटले. अकोल्याकडचे, निवृत्त हेडमास्तर, मुलाकडे आलेले. मुलगा आयटीत, नुकताच सिडनीहून बदली घेऊन आमच्या मागच्याच गल्लीत भाड्याने राहायला आला होता. बाबा त्या दिवशी घरी आले ते बूट काढायच्या आधीच बोलत होते. गुडघे, रेल्वे, अकोल्याचं ऊन, इथल्या वांग्यांना नसलेली चव. मला इतकं बरं वाटलं की मी दूध उतू घालवलं. आणि लगेच मनात पाल चुकचुकली.

"काय काय विचारलं त्यांनी?"

"गुडघ्याचं विचारलं."

"आडनाव?"

"सांगितलं. तेही 'कर'च आहेत. ते म्हणाले, अच्छा. मी म्हटलं, अच्छा."

त्यानंतर रोज दुपारी दोघं तळ्याला फेऱ्या मारायचे आणि रोज संध्याकाळी मी बाबांची उलटतपासणी घ्यायचे. आज काय म्हणाले? कुठल्या सुरात म्हणाले? बाबा आरोपीसारखे मुकाट उत्तरं द्यायचे. एकदा म्हणाले, "आज म्हणत होते, तुमचा आवाज भारी आहे, गाता का कधी?"

बाबा तरुणपणी गायचे. जयंतीला, चौकात, ट्रकवर उभं राहून, हातात डफ. आमच्या वस्तीत अजून त्यांना त्या आवाजावरून ओळखतात. हा प्रश्न मला खडा टाकून बघितल्यासारखा वाटला. काय गाता हे कळलं की कोण हे कळायला किती वेळ?

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, नाही. गात नाही." बाबा खुर्चीत बसून मोजे काढत होते. "उगाच तुला ताप कशाला."

त्यांच्या त्या बोलण्याचं वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, सुटका झाल्यासारखंही वाटलं.

काकांच्या मुलाने एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. मी तिथे पाहुणी म्हणून गेले नाही, पोलिसासारखी गेले. दारातून आत शिरताच समोर भला मोठा गणपती. नवा कोरा, बुडाला जवळच्या ट्रुगानिनातल्या इंडियन दुकानाचं स्टिकर तसंच. सून हसरी होती, पण सारखी सासऱ्यांकडे बघत होती. आणि सोफ्याच्या वर भिंतीला एक रिकामा हुक. नुसता हुक. अशा ठिकाणी कुणी रिकामा हुक ठेवत नाही. म्हणजे इथे एक फोटो होता आणि तो आमच्यासाठी उतरवला गेला होता. कुणाचा असेल, जो आमच्यासारख्यांच्या नजरेला पडू नये? मी मनात एकेक चेहरा लावून बघितला. सगळे मला नको असलेल्या पुढाऱ्यांचे होते.

मुलगा मला वाढता वाढता म्हणाला, "तुमचं मूळ गाव भुसावळच, की त्याच्या आधी कुठे?"

झालं. गाव. मी घास गिळला. "भुसावळच. तुम्ही अकोल्यात कुठे?"

"अकोल्यातच. म्हणजे आजूबाजूला." थोडं थांबून, "घरी गणपती बसवता का मग?"

"आमच्याकडे सगळंच असतं," मी म्हणाले.

"हो हो, आमच्याकडेही. सगळंच असतं."

मग आम्ही सगळ्यांनी इथल्या घरांच्या किमतींवर बोलायला सुरुवात केली. तो विषय कुठल्याही जातीचा नाही. बाबा आणि काका शेजारी शेजारी बसून, मान खाली घालून, भाकरी कुस्करत होते. परत येताना गाडीत नवरा म्हणाला, "चांगली माणसं वाटली गं." मी म्हटलं, "तू हुक बघितलास का?" तो म्हणाला, "मी मटण बघितलं."

परतीचं आमंत्रण देणं भाग होतं. बुद्धाची मूर्ती हॉलमध्येच राहू दिली. ऑस्ट्रेलियात बुद्ध कुंड्यांच्या दुकानातही मिळतो. इथल्या निम्म्या गोऱ्यांच्या अंगणात तो तुळशीइतक्या सहजपणे बसलेला असतो, त्यावरून कुणी काही ओळखत नाही. खरी ओळख मूर्तीच्या वर टांगलेल्या निळ्या कोटातल्या फोटोची. तो मी उतरवला, टॉवेलात गुंडाळला आणि बेडरूमच्या वॉर्डरोबमध्ये ठेवला. हुक मात्र त्यांच्यासारखा उघडा टाकणाऱ्यातली मी नाही. त्यावर मुलीने काढलेलं कोआलाचं चित्र लावलं.

मुलगी दारात उभी होती. "मम्मा, व्हाय इज ही इन द वॉर्डरोब? इज ही इन ट्रबल?"

मी वळून बघितलं तर तिच्यामागे बाबा, हातात इस्त्रीचा शर्ट घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं.  शर्ट घातला, बटणं लावली, हॉलमध्ये जाऊन त्या कोआलाखाली बसले.

जेवण बरं झालं. काका फार बोलले नाहीत. एकदा त्यांची नजर चित्रावर गेली, तिथून मूर्तीवर आली, तिथून बाबांवर. मला वाटलं, बघितलंस, तपासतोय. बाबा त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले आणि दोघांनी एकमेकांना हात जोडून नमस्कार केला, दोन नवखे नट पहिल्यांदा स्टेजवर येऊन करतील तसा.

त्यानंतर आठवडाभरात बाबांनी जायचं काढलं. व्हिसा शिल्लक होता, उन्हाळा आत्ता सुरू होत होता. मी भांडले, रडले. पैशाचं नाही, कामाचं नाही, मग काय खुपतंय? ते म्हणाले, "काही नाही गं. सोन्यासारखं ठेवलंस. पण तिथे मी कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे. इथे मला रोज आठवावं लागतं, मी कोण नाही ते."

"आणि कायमचं यायचं?"

"बघू," म्हणाले. बाबांचं 'बघू' म्हणजे नाही. आई त्यावरून आयुष्यभर चिडत असे.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "यंदा जयंतीला जाऊन ये. तुझ्या तिथे होते ना कुठेतरी? माझ्याकडून जा." ट्रुगानिनाच्या कम्युनिटी हॉलमध्ये आपले लोक दर वर्षी जमतात हे मला माहीत होतं. मी कधी जात नव्हते; लोक फोटो काढतात, फोटो फेसबुकवर जातात, आणि फेसबुकवर मंडळाच्या बायका असतात. पण बाबांना नाही म्हणवेना.

हॉलमध्ये निळे फुगे, पांढऱ्या साड्या, पोरांचा गोंधळ, मागे मोठ्या पातेल्यातल्या पुलावाचा वास. मी मुलीचा हात धरून फुलं वाहायच्या रांगेत उभी राहिले. माझ्या पुढचा माणूस फुलं वाहून, हात जोडून, मागे वळला. काकांचा मुलगा.

आम्ही दोघं दगड झालो. त्याच्या कडेवर मूल होतं, त्या मुलाने माझ्या ओढणीला हात घातला, तरी कुणी हललं नाही.

"तुम्ही?" तो म्हणाला.

"तुम्ही?" मी म्हणाले. आणि खरं सांगते, माझ्या मनात आलेला पहिला विचार आनंदाचा नव्हता. हा इथे काय करतोय, कुणी पाठवलाय, असाच होता. सवय किती खोल जाते बघा.

मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. बाजूला खुर्च्यांवर बसून त्याने सांगितलं. सिडनीत असताना त्याच्या बायकोला एका मराठी ग्रुपमधून फार सभ्यपणे वगळलं होतं. म्हणून इथे आल्यावर त्याने वडिलांना बजावलं होतं, की कुणालाही कळता कामा नये. "तुमचे बाबा भेटले तेव्हा पप्पा इतके खूश होते. मी रोज विचारायचो, काय म्हणाले, काय विचारलं. तुम्ही जेवायला येणार म्हणून मी फोटो काढला भिंतीवरून. गणपती आदल्या दिवशी आणला. आणि तुम्ही म्हणालात, आमच्याकडे सगळंच असतं. मी बायकोला म्हटलं, बघ, पक्के त्यांच्यातले आहेत."

"तुमचे पप्पा कुठे आहेत?"

"गेले परत. तुमचे बाबा गेले आणि मग त्यांचं मनच लागेना. ते म्हणायचे, त्या माणसाचा आवाज गाणाऱ्याचा आहे, मग 'गात नाही' असं का म्हणाला? पप्पा पेटी वाजवायचे ना, आमच्याकडच्या गायन पार्टीत." त्याने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "त्यांना तुमच्या बाबांची साथ करायची होती."

माझ्यावर दोष घ्यायला मी तयार नाही. मला तवा दिला गेला होता, तो मी काही स्वप्नात बघितला नव्हता. त्याच्या बायकोलाही वगळलं होतं, तेही खरं होतं. आमच्या दोघांचीही शितं खरी होती आणि उद्या कुणी नवीन मराठी शेजारी आला तर मी पुन्हा खडा टाकून बघणार. पण जाणणाऱ्या माणसापासून सुरुवात करा असं मी मुलांना शिकवते, आणि दोन घरांतले आम्ही दोन जाणणारे एकमेकांचे रिकामे हुक मोजत बसलो होतो. मागच्या बाकावरच्या त्या मुलीची आठवण झाली आणि पुन्हा राग आला.

घरी येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं होतं ते हसतील. निदान मला एक शिवी देतील, मग मी काकांचा नंबर देईन, दोघं फोनवर बोलतील, कदाचित पुढच्या वर्षी दोघं एकत्र येतील. मी सगळं सांगितलं. गणपतीचं स्टिकर, हुक, पेटी. बाबांच्या मागे भुसावळची भिंत होती, भिंतीवर फोटो, फोटोला ताजा हार. ते हसले नाहीत. चष्मा काढून हातात धरून बसले.

"म्हणजे त्याला वाटलं, मी त्यांच्यातला आहे," ते म्हणाले.

"हो बाबा. आपल्याला जसं त्यांच्याबद्दल वाटलं तसंच."

"म्हणजे त्या तळ्याला रोज माझ्याबरोबर फेऱ्या मारताना तो मला भीत होता."

मी काकांचा नंबर लिहिलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

"मला?" बाबा म्हणाले. "मला भीत होता?"